मावशीचे उरलेले कान

नलूमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पालीला एका भजनी मंडळाची बिघडलेली पेटी बघत बसलो होतो. शेजारच्या विद्याताईंचा फोन होता. "जेवून खुर्चीत बसल्या होत्या, हाक मारली तर..." एवढंच त्या बोलू शकल्या. रत्नागिरीला पोचेपर्यंत मला रडू आलं नाही. आता महिना होत आला, आणि माझ्या या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मावशीने शेवटच्या चार वर्षांत काय करून ठेवलं हे जसजसं समजत जातंय, तसा मी थक्क होत चाललोय.

मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ट्रंक कॉलच्या काळात बोटीवर गेलेल्या माणसांच्या बायका तिच्या आवाजाची तासन् तास वाट बघायच्या. "बोला, मुंबई लागलीय," हे तिचं वाक्य अर्ध्या गावाने ऐकलेलं. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर घरात रेडिओ, कॅसेटी आणि ती. मी शाळेत संगीत शिकवायचो, त्यामुळे रविवारी दुपारी तिच्याकडे गेलो की आमचं गाण्यांवर बोलणं व्हायचं. नाट्यपदं, जुनी भावगीतं. कोणती तान कुठे उचलली, कुणाचा श्वास कुठे तुटला. तिला श्वास ऐकू यायचा. म्हणायची, "फोनवर माणूस बोलायच्या आधी श्वास घेतो रे. त्यावरून मला कळायचं, ही आता रडणार आहे."

चार वर्षांपूर्वी तिला कमी ऐकू यायला लागलं. डॉक्टर म्हणाले, कानाच्या नसा सुकत चालल्यात, यंत्र लावून बोलणं ऐकू येईल, पण गाणं आज आहे तसं फार दिवस राहणार नाही. तिला घरी आणताना मी रिक्षात म्हटलं, "मावशी, तुझ्या आवडीची सगळी गाणी फोनवर भरून देतो. पोटभर ऐकून घे."

ती म्हणाली, "ती कशाला? ती तर पाठ आहेत. कान गेले तरी डोक्यात वाजतील. मी न ऐकलेली गाणी दे. ती आत्ता नाही ऐकली तर कधी ऐकणार?"

मला हे तेव्हा म्हातारपणाचं खूळ वाटलं होतं.

फोनवर जुन्या गाण्यांच्या चाहत्यांचा एक ग्रुप होता. मीच तिला त्यात घातलं होतं. तिथे रोज एकच चालायचं, आताच्या गाण्यांना शिव्या घालणं. त्यात कोल्हापूरचे एक निवृत्त गृहस्थ सर्वांत पुढे. ते स्वतःला 'सूरसाधक' म्हणवायचे. एक दिवस तिथे एका मुलीने लिहिलं की तुम्ही आमची गाणी न ऐकताच बोलता. तिचं तिथलं नाव 'खारा शेंगदाणा'. सगळे तिच्यावर तुटून पडले. मीही एक खोचक वाक्य टाकलंच. आणि त्या सगळ्यांच्या खाली मावशीने लिहिलं, "शेंगदाणेबाई, दहा गाणी पाठवा. प्रत्येक तीनदा ऐकीन. मग आवडलं नाही तर तोंडावर सांगेन."

त्या मुलीने खरंच दहा पाठवली. मावशीने खरंच तीस वेळा ऐकली. रोज सकाळी, यंत्र लावून, खिडकी बंद करून. आणि मग एकेका गाण्यावर लिहिलं. त्यातली चार तिला मुळीच आवडली नव्हती, तसं तिने साफ लिहिलं. एका रॅपबद्दल मात्र लिहिलं होतं, "हा मुलगा शब्द भरभर बोलतो म्हणून मी आधी चिडले. तिसऱ्यांदा ऐकताना कळलं, आईचं नाव येतं तिथे त्याचा श्वास पुरत नाही. तो अडखळलेला श्वास त्याने तसाच ठेवलाय. आमच्या वेळी तो कापून टाकला असता." सूरसाधकांनी लगेच टोला हाणला, "या वयात कसली ही थेरं, बाई! असल्या गोंगाटावर वेळ का घालवता?" तेव्हा तिने पहिल्यांदा तिथे सांगितलं, "माझे कान संपत आलेत. उरलेत ते कशावर घालवायचे, ते मी ठरवलंय."



शेंगदाणेबाईंचं खरं नाव तन्वी. मंडणगडची, मुंबईत नोकरीला. दोघींची भेट कधीच झाली नाही, पण दीड वर्ष त्या रोज भांडल्या. "आज्जी, तुमच्या गाण्यांत सगळे एवढे सभ्य का?" असं ती विचारायची. मावशी लिहायची, "सभ्य कुठले गो, आडून बोलायचे. तुम्ही समोरून बोलता, एवढाच फरक."

मग एका सकाळी मावशीने ग्रुपवर लिहिलं, "आजपासून गाणं म्हणजे पत्र्याच्या डब्यात खडे. बोलणं कळतं, सूर नाही. तन्वी, आभार. पुष्कळ ऐकलं." मी धावत गेलो. ती शांतपणे भाजी निवडत होती. डोळे मात्र लाल होते.

संध्याकाळी तन्वीचा मजकूर आला. मावशीने तो वाचला, चष्मा पुसला आणि फोन माझ्या हातात दिला. "आज्जी, आज एक नवं गाणं आलंय. सुरुवातीला ढोलकीसारखं काहीतरी आहे, पण ओल्या कपड्यात गुंडाळून वाजवल्यासारखं. मग बाई गाते, शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असावं इतकं हळू."

मावशीने लिहून विचारलं, "तिसऱ्या ओळीला आवाज चढवते का?"

"नाही आज्जी. तिथे ती गप्पच बसते."

"अरे वा! हिंमतीची आहे."

इथून जे सुरू झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं, तरी अजून खरं वाटत नाही. एकमेकांचं तोंड न पाहिलेली माणसं एका म्हातारीसाठी गाणी ऐकून ती कशी वाजतात ते लिहून काढायला लागली. कुणी नाशिकहून, कुणी दुबईहून. आठवड्याला दोन-तीन तरी यायचीच. आणि एके दिवशी सूरसाधकांचं आलं! त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा एक नवं गाणं शेवटपर्यंत ऐकलं होतं, फक्त तिला सांगता यावं म्हणून. लिहिलं होतं, "बाई, मला हे आवडलं नाही. पण मधल्या जागेत एक सारंगी आहे, ती ऐकून मी खुर्चीतून उठलो, हे कबूल करतो." मावशी ते वाचून इतकी हसली की विद्याताई काय झालं म्हणून बघायला आल्या.

मी मात्र एकही लिहिलं नाही. ती एकदा म्हणाली होती, "श्रीकांता, तू पेटीवाला. तुला तर सगळ्यांत नीट सांगता येईल. एखादं सांग ना." मी म्हटलं, "मला त्यातलं कळत नाही, मावशी." ती "बरं" म्हणाली, पुन्हा विचारलं नाही. माझ्यापासून हातभर अंतरावर बसलेली होती ती... आणि परकी माणसं तिच्यासाठी जिवाचा कान करून ऐकत होती.

ती गेल्याचं ग्रुपवर मीच कळवलं. तन्वीने तिसऱ्या दिवशी फक्त लिहिलं, "काका, दोन दिवस मी काहीच ऐकलं नाही." सूरसाधकांनी सरळ मला फोन केला. बोलायच्या आधी त्यांनी घेतलेला श्वास मला ऐकू आला.

तेरावं झाल्यावर ग्रुपवर एका अनोळखी बाईंचा मजकूर आला. माहेर-सासर दोन्ही वेळणेश्वर. त्यांचे सासरे बोटीवर इंजिनरूममध्ये होते, त्या आवाजाने कान गेले. "आमची मुलगी दिवसभर कानात ते घालून मान हलवत असते. सासरे तिच्याकडे बघत बसतात. ती काय ऐकते ते त्यांना कळावं, असं फार वाटतं. तुम्ही त्या आजींसाठी लिहायचात, तसं यांच्यासाठी कुणी लिहाल का?" खाली त्या मुलीच्या आवडीचं गाणं होतं.

मी ते गाणं चार वेळा ऐकलं. पहिल्या वेळी नुसता वैताग. दुसऱ्या वेळी वही घेतली. चौथ्या वेळी कळलं की त्यात एक नाही, दोन ढोल आहेत. दुसरा लांबून येतो, खाडीपलीकडच्या वाडीत वाजत असल्यासारखा, आणि हळूहळू पहिल्याला येऊन मिळतो. तसं सगळं लिहून पाठवलं. पानभर झालं.

दोन दिवसांनी त्या बाईंचं उत्तर आलं. सासऱ्यांनी ते पान दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. मग नातीशेजारी जाऊन बसले. ती मान हलवत होती. जरा वेळाने त्यांनी तिच्या गुडघ्यावर टिचकी मारली आणि विचारलं, "दुसरा ढोल पोचला काय गो?"

ती म्हणाली, "पोचतोय, आजोबा." आणि बोटांनी त्यांच्या तळहातावर ठेका धरला.