खालची तळी

वैशाखात एका दुपारी वावधान आलं, घरावरचे पत्रे उडाले आणि माय गेली.

वादळाला आमच्याकडे वावधान म्हणतात. आमचं गाव शहागडच्या अलीकडे, गोदावरीपासून कोसभर. ऐंशीच्या दशकात तिथली बहुतेक घरं मातीच्या भिंतींची आणि पत्र्यांची होती. अक्षय तृतीया झाली की वडील तयारीला लागत. गोवऱ्या पडवीत येत, कडब्याची गंजी दोरांनी आवळली जाई, घरामागची नाली उकरली जाई. सगळ्यात शेवटी पत्र्यांवर दगड. वडील शिडीवर, मी खालून दगड द्यायचो. शेजारी राहणारे चुलते ओट्यावरून बघत. त्यांनी आपले पत्रे हुकांनी वाशांना आवळून घेतले होते, आणि ते वडिलांनाही तेच सांगत.

"पोरगं बुकं वाचून राह्यलंय, अन् बाप अजून दगडंच चढवून राह्यलाय," असं ते म्हणाले की वडील हसायचे. दगडाला गंज चढत नाही, एवढंच त्यांचं उत्तर.

मी बारावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात चुलीजवळचा एक पत्रा वाजायला लागला. बाहेर पान हलत नसायचं, तेव्हाही. वरून कुणी बोटानं टिचकी मारावी तसा आवाज यायचा, थांबायचा, आणि मी पुढची ओळ वाचायला घेतली की पुन्हा यायचा. वडील म्हणाले, उन्हानं पत्रा ताणतो. शाळेत मीही तेच शिकलो होतो. तरी ओळ वाचायच्या आधी मी वर बघायला लागलो.

दगड चढवायच्या दिवशी मी वडिलांना म्हणालो, त्या पत्र्यावर जड काहीतरी ठेवा, मला वाचता येत नाही. तेवढा जड दगड जवळ नव्हता. मग मीच मायच्या जात्याची आठवण काढली. गावात गिरणी आल्यापासून ते बंद होतं. त्याची वरची दगडी तळी फुटली होती, खालची धड होती. मोडलं तरी जातं घराबाहेर टाकायचं नाही, म्हणून ती कोपऱ्यात पडून होती. मायनं थोडा विचार केला.

"घरावर ठिवणं म्हंजे काही टाकणं न्हाई," ती म्हणाली. "न्या."

आम्ही दोर लावून ती चढवली. पत्रा गप्प झाला.

तो जरा जास्तच गप्प झाला. झुळूक आली की बाकीचे पत्रे खडखडत, आणि त्या एकाखाली आडात वाकून बघितल्यावर असते तशी शांतता असे. मी वाचायला तिथंच बसू लागलो. मायही भाकरी झाल्यावर तिथंच पाठ टेकायची.

त्या दुपारी आभाळ पिवळं पडलं. चिमण्यांचा आवाज बंद झाला. वडील बैलांकडे गोठ्यात गेले. आधी धूळ आली, मग पत्रे असे वाजायला लागले की शेजारचं बोलणं ऐकू येईना. मी पुस्तकांची पेटी बाजेखाली सरकवत होतो. माय त्या शांत जागी जाऊन बसली आणि शेजारची जमीन हातानं थोपटत ओरडली, "इकडं ये. इथला पत्रा वाजत न्हाई."

आलोच, असं मी म्हणालो. पेटी बाजेच्या पायाला अडली होती.

हलके दगड पत्र्यांबरोबर घरंगळत अंगणात गेले. तळी जड होती. तिच्याखालून पत्रा निघून गेला, आणि ती होती तिथूनच सरळ खाली आली.

मग पाऊस घरात पडू लागला.

चुलत्यांनी पुन्हा कधी हुकांचं नाव काढलं नाही. तळी वर ठेवायचं कुणी सुचवलं होतं, हे वडिलांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. माझ्याजवळही त्यांनी तो विषय काढला नाही. मला वाटायचं, एकदा तरी काढावा.

आता तिथं स्लॅबचं घर आहे. वडीलही नाहीत. तळी परसात आडवी पडून आहे. पाऊस झाला की तिच्या मधल्या भोकात पाणी साचतं.