म्हाळात न मोजलेल्या आत्या

"तुमच्या घरात आधी कुणाला कॅन्सर झाला होता का?" सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, आणि उत्तर द्यायला माझा थोरला भाऊ सरसावला. गाठ माझ्या छातीत, ऑपरेशन माझं. पण घराणं पडलं दादाचं.

त्यानं अंगठा करंगळीवर टेकवला आणि एकेक पेर मोजत निघाला. आजोबा, आजी, दोन चुलते, वडील, आई. कोण कशानं गेलं ते सगळं तोंडपाठ. तो म्हाळ मोजतोय, हे माझ्या लगेच ध्यानात आलं. वडूजजवळच्या आमच्या गावी पितृपंधरवड्यात म्हाळ घालतात, तेव्हा घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेऊन पान वाढतात. तीच माणसं, त्याच क्रमानं.

"न्हाई. आमच्या घरात कुणालाच न्हाई," दादा म्हणाला. फौजेतून येऊन इतकी वर्षं झाली, तरी उत्तर देताना तो खुर्चीतल्या खुर्चीत सावधान होतो.

"आणि वडिलांच्या बहिणी?"

"त्या व्हय? आवं, त्या दिल्या घरी वारल्या की."

बाई पेन खाली ठेवून आमच्याकडं बघत राहिल्या. मग मीच सांगितलं. थोरली आत्या पाटणला दिलेली. ती माहेरी आली की आम्हा पोरांना मांडीवर घ्यायची, पण छातीशी टेकू द्यायची नाही, पदर घट्ट आवळून बसायची. धाकटीला गळू झालंय असं म्हणत म्हणत ती गेली. दोघी पन्नाशीच्या आत. आमच्या घरी तीन दिवसांचं सुतक धरलं आणि विषय मिटला. लेक दिली म्हणजे तिचं दुखणंही दिलं, असाच हिशेब होता.

मग माझं रक्त तपासायला गेलं. जनुकात दोष निघाला. बाईंनी सावकाश समजावलं: हे जनुक शरीरातली मोडतोड दुरुस्त करतं, ते बिघडलं की कॅन्सरचा धोका वाढतो, होतोच असं नाही. हा बिघाड बहुधा वडिलांकडून आलाय. दादाकडंही असू शकतो, आणि असला तर त्याच्या मुलीकडं जायची शक्यता निम्मी. लवकर कळलं तर वेळेवर तपासण्या करून पुष्कळ काही टाळता येतं.

"बाप्याला कुठं छातीचा कॅन्सर आसतोय?" दादा म्हणाला.

"क्वचित होतो. आणि नाही झाला, तरी जनुकातला दोष पुढं देता येतो."

मला माधवनगरला घरी सोडून दादा चहाला टेकला. त्याची एकुलती एक लेक साताऱ्यात बँकेत नोकरीला, आणि तिची सोयरीक जमत आलेली. "आता रगत तपासलं आन् कायतरी निघालं, तर पोरीकडं कोन बघंल?" तो म्हणाला. मला त्याचा राग आला आणि कीवही आली.

कारण हाच माणूस याच पोरीला दवाखान्यात घेऊन गेला होता, ती शाळेत असताना. त्याच्या पलटणीतल्या मित्राची बायको गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरनं गेली, आणि तो एका विषाणूमुळं होतो, त्याला लस आहे, हे दादाला कळलं. गावात कुणी नाव काढलं नव्हतं तेव्हा यानं लस टोचून आणली. मी त्याला त्याची आठवण करून दिली.

"तो भायेरचा दुश्मन व्हता गं," दादा म्हणाला. "त्याला वेशीवर आडवता येतो. ह्यो तर आपल्याच रगतातला. ह्याच्यावर बंदूक कुठं धरायची?"

विषाणू परका, म्हणून त्याची लाज नव्हती. जनुक आमचं होतं.

माझे उपचार संपले आणि म्हाळाला मी माहेरी गेले. डोक्यावर नुकते बोटभर केस आले होते. दादानं पानं मांडली, नावं घेऊ लागला. दर वर्षी ऐकलेली नावं, पण या खेपेला मला राहवलं नाही.

"दादा, मी गेले असते तर इथं माझं नाव घेतलं असतंस?"

"आसं आभद्र कशाला बोलतीस? आन् तू आता त्या घरची."

"मग तुझी पोर उद्या त्या घरची होईल. तिला काय झालं तर तेही त्यांचंच?"

दादाच्या हातातली पळी तशीच राहिली. भाची दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. "पप्पा, मी सोमवारी रजा काढलीय," ती म्हणाली. "आत्याबरोबर सांगलीला जाणार आहे. आणि स्थळाकडच्यांना काय सांगायचं ते मी सांगते." त्या दिवशी दादा नीट जेवला नाही.

सोमवारी आम्ही दोघी दवाखान्यात पोचलो, तर दादा आमच्या आधी येऊन बाकावर बसलेला, इस्त्रीचा शर्ट घालून. आत गेल्यावर बाईंनी तोच प्रश्न विचारला, या वेळी त्याला. घरात कुणाला होता का?

दादानं अंगठा करंगळीवर टेकवला. "थोरली आत्या, पाटनची," तो म्हणाला. "धाकटी आत्या. ही माझी भन." मला हुंदका आला, तो मी खोकल्यात घालवला. घरातल्यांत माझी मोजदाद झाली होती, तीही जिवंतपणी.

दादाचा अंगठा पुढच्या पेरावर गेला. त्यानं लेकीकडं पाहिलं आणि मूठ मिटली.

"अजून कुणी?" बाईंनी विचारलं.

"ते तुमी सांगायचं," दादा म्हणाला, आणि बाही वर सारून हात टेबलावर ठेवला. रक्त घ्यायला आलेली सिस्टर म्हणाली, "काका, मूठ आवळून धरा." ती त्यानं अजून सोडलीच नव्हती.