माझा सोडून सगळ्यांचे पिन

तेव्हा मी सिरसाळ्याच्या शाळेत गणित शिकवत होतो. वरून आदेश आला, की गावकऱ्यांना बँकेचे व्यवहार सुरक्षितपणे कसे करायचे ते समजावून सांगा. ते काम मुख्याध्यापकांनी माझ्या गळ्यात घातलं. गणिताच्या माणसाच्या लक्षात आकडे राहतात, असा त्यांचा समज होता. माझाही होता. पारावर टेबल मांडून, त्यावर मूठ आपटून मी सांगितलं, "पिन कुठं लिहायचा न्हाई, कुणाला सांगायचा न्हाई, अन् अधूनमधून बदलायचा!" टाळ्या पडल्या. त्या भरात घरी जाताना मी स्वतःचाही पिन बदलला.

पुढच्या रविवारी बायकोच्या भाचीच्या लग्नासाठी साड्या घ्यायला आम्ही माजलगावला गेलो. एटीएमसमोर रांग होती. आतला एसी चालू होता, त्यामुळे अर्धी रांग आतच घुसलेली. माझा नंबर आला, कार्ड घातलं आणि बोट हवेतच थांबलं. पहिला आकडासुद्धा आठवेना. सवयीनं जुनाच पिन दाबला. मशीन म्हणालं, चूक.

"काय झालं, सर?" मागून मोसंबीच्या गाड्यावाल्या चाचांनी विचारलं. आमची जुनी ओळख.

"पिन आठवेना."

"इतकंच व्हय? माझ्यासारखं करायचं की. चारीच्या चारी सात. कवाच इसरत न्हाई."

त्यांच्या मागचा ट्रॅक्टरवाला म्हणाला, "मी तर ट्रॅक्टरचा नंबरच ठेवलाय." ट्रॅक्टर बाहेरच उभा होता. एका मावशींनी पिशवीतून कार्ड काढून सगळ्यांना दाखवलं, "मी हितं मागंच लिवून ठेवलाय. लई सोपं पडतं." पाच मिनिटांत रांगेतल्या बहुतेकांचे पिन मला कळले. माझा तेवढा कुणालाच माहीत नव्हता.

"लग्नाचं साल टाकून बघा," चाचा म्हणाले.

टाकलं. चूक.

तेवढ्यात उन्हाला कंटाळून बायको आत आली. "कोणतं साल टाकलं?"

मी सांगितलं. ती माझ्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "त्या साली तर तुमी मला बघायला बी आला न्हवता."

चाचा हळूच म्हणाले, "सर, पिनचं ऱ्हाऊ द्या. आता हे कसं निस्तरायचं ते बघा."

बायकोनं खरं साल सांगितलं. तिचा मान राखायचा म्हणून मी तेच दाबलं. तेही चूक. मशीननं कार्ड बंद झाल्याचं सांगितलं. मावशी हळहळल्या. ट्रॅक्टरवाल्यानं मला नम्रपणे बाजूला केलं.

साड्यांच्या दुकानात बायकोनं फोन काढला, काहीतरी दाबलं आणि पैसे दिलेसुद्धा.

"हे कधी शिकलीस?"

"बचत गटात. आमाला समद्यांनाच येतंय." पुढं सिरसाळा येईपर्यंत ती लग्नाच्या सालाबद्दल एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी नव्या पिनसाठी बँकेत अर्ज दिला. काउंटरवर माझीच एक जुनी विद्यार्थिनी. तिनं अर्ज उलटसुलट बघितला आणि संकोचून म्हणाली, "सर, सही जुळत न्हाई."

पुन्हा केली. जुळेना. तिसरी केली, ती आधीच्या दोन्हींपेक्षा वेगळी आली. शेवटी तिनं इकडंतिकडं बघून माझी जुनी सही असलेला कागद माझ्याकडं वळवला. "सर, बघून काढा."

परीक्षेत कॉपी करणाऱ्या कित्येक पोरांना मी वर्गाबाहेर काढलं होतं. त्या दिवशी खाली मान घालून, जीभ दातात धरून, मी स्वतःच्या सहीची कॉपी केली. जमली.

नवा पिन आता बायकोला पाठ आहे. मी आत कार्ड घालतो, ती दारातून मोठ्यानं आकडे सांगते, आणि रांगेतली माणसं सभ्यपणे दुसरीकडं बघतात.