मिस्त्रीची अंघोळ
सिमेंटच्या ओल्या पत्र्याचा वास आला की केजच्या आमच्या घरावरचे ॲस्बेस्टॉसचे जुने पत्रे उतरवणारा मिस्त्री आठवतो. शेळ्यांच्या गोठ्यासाठी त्यातले चार करवतीनं कापून दे, असं मी म्हणालो, तर तो भडकलाच. "न्हाई काका! माझ्या भावानं जलमभर हेच कापलं. त्या धुळीनं त्याची छाती लई खाल्ली." त्यानं पत्रे पाण्यानं चिंब केले, मास्क लावला आणि एकेक नट सोडवत सगळे अख्खे खाली घेतले. जाताना आमच्याच नळावर अंघोळ करून कामाचे कपडे ओलेच पिशवीत बांधले. म्हणाला, "दारातच लेकरं गळ्यात पडत्यात." आता फवारणी करून आलो की मीही आधी नळाखाली बसतो, मगच नातीला हाक मारतो.