गळ्याशप्पथ

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मामाला नाही, पुण्याच्या सरांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? उद्या माझा मेन ड्रॉमधला पहिला सामना आहे, अंग नुसतं सळसळतंय, हात स्वस्थ बसत नाहीत. हॉटेलच्या या खोलीत रॅकेटची ग्रिप उगाच सोडून पुन्हा गुंडाळून झाली. मग म्हटलं, लिहावं. एवढा आनंद झालेला असताना ही गोष्ट आठवावी, हेही काही बरं लक्षण नाही — पण दर वेळी असंच होतं. मी जिंकले की ती आठवते. हरले की नाही.

मेन ड्रॉ म्हणजे काय, ते आधी सांगते. मोठ्या प्रोफेशनल स्पर्धेत माझ्यासारख्यांना आधी पात्रता फेरीत घाम गाळावा लागतो. त्यातून वर आलं की नाव मुख्य तक्त्यात लागतं — जिथे टीव्हीवर दिसणाऱ्या बायकांची नावं असतात. काल संध्याकाळी माझं लागलं. खाली आमच्या देशाचा छोटा झेंडा. मी मामाला फोन केला तर तो म्हणाला, ‘‘जेवली काय?’’

वाशीमकडच्या रिठदची पोरगी मी. आमच्या गावात टेनिस म्हटलं की लोकांना टेनिस बॉलचं क्रिकेट वाटायचं. दिगंबरमामा — माझ्या आईचा धाकटा भाऊ — नागपूरच्या एका क्लबात मार्कर होता. मार्कर म्हणजे साहेब लोकांना खेळवणारा. त्यांना जिंकल्यासारखं वाटेल इतपत हरायचं, हे त्याचं काम. कंटाळून तो आमच्याकडे शेती करायला आला, आणि येताना दोन जुन्या रॅकेटी, फाटकी जाळी आणि भलत्याच गप्पा घेऊन आला. हळद वाळवायचं आमचं मोठं खळं होतं. त्यानं ते मुरूम टाकून दाबलं, पाणी मारलं, फक्कीनं रेषा आखल्या आणि जाहीर केलं, ‘‘हे विदर्भातलं सर्वांत भारी कोर्ट हाये.’’ बाबा म्हणाले, हळद निघाली की कोर्ट बंद. तसंच व्हायचं. हळद शिजून खळ्यावर पसरली की दोन महिने मी गोडाऊनच्या भिंतीशी खेळायची, आणि नंतर पहिले काही दिवस चेंडू, मोजे, गुडघे सगळं पिवळं. अमरावतीच्या मुली मला ‘नवरी’ म्हणायच्या. म्हणू देत. त्या सगळ्यांना मी हरवलं आहे.

नाही, सगळ्यांना नाही. तिकडेच यायचंय मला.

ऋतुजा वाशीमची. गावाबाहेर तिच्या बाबांचा भाजीपाल्याचा मळा होता, वांगी, कोथिंबीर, पत्ताकोबी. बाजारात माल टाकून परतताना काका, म्हणजे तिचे बाबा, रविवारी तिला आमच्या खळ्यावर सोडायचे, कारण अख्ख्या पंचक्रोशीत तिच्याशी खेळेल अशी मी एकटीच होते, आणि माझ्याशी खेळेल अशी ती. ती माझ्यापेक्षा चांगली खेळायची. हे मी आज सहज लिहिलं. तेव्हा कोणी म्हटलं असतं तर मी जेवले नसते. तिचा फोरहॅण्ड! मामा म्हणायचा, पोट्टी बॉलले मारत नाई, हाकलते. आणि मी? मी चिवट. नाकावर माशी बसू द्यायची नाही, दिलेला पॉइंट परत घ्यायचा, हा माझा खेळ.

खळ्यावरचा एक नियम सांगायला हवा. ज्युनियरच्या सामन्यांत प्रत्येक रेषेवर पंच नसतात. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे आपणच सांगायचं. समोरच्यानं मानायचं. आता दोन पोरींत हे कसं चालणार? आम्ही भांडभांड भांडायचो. मामा शेतात, निवाडा करणार कोण? मग आम्हीच ठरवलं — शंका आली की जाळीपाशी यायचं, आणि जिनं चेंडू बाहेर दिला तिनं गळ्याची कातडी चिमटीत धरून म्हणायचं, गळ्याशप्पथ. एकदा शपथ घेतली की विषय संपला. खोटी घेतली तर हातातला खेळ जातो, असं ऋतुजानं कुठून तरी काढलं होतं, आणि मी ते खरं धरलं होतं. कित्येक वेळा गळ्याशी हात नेऊन मी तो खाली घेतला आणि म्हणाले, ‘‘आत होता व, घे.’’ तीही तसंच करायची. किती छान होतं ते! खरंच, तेवढं स्वच्छ मी पुन्हा कधी खेळले नाही.

अमरावतीची स्पर्धा. आम्ही दोघी फायनलला. काकांच्या पिकअपमधून गेलो होतो, मागे रिकामे क्रेट खडखडत होते आणि आम्ही दोघी पुढे काकांशेजारी दाटीवाटीनं, शेंगदाण्याचे लाडू खात. मामाला यायचं होतं, पण सोयाबीन काढणीला आलेलं. पुण्याहून एक सर आले होते. विदर्भातली एक मुलगी निवडून ते तिला आपल्याकडे ठेवून घेणार होते, राहणं, खाणं, शिकवणं, सगळं. एकच मुलगी. त्यांनी काही तसं म्हटलं नव्हतं, पण फायनल जिंकणारीच ती, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. गाडीत आम्ही त्यावर एक अक्षर बोललो नाही.

सामना काय झाला म्हणून सांगू! आजही आठवला की पायात शिरशिरी येते. ऊन उतरलं होतं, लाल माती, ताज्या फक्कीच्या पांढऱ्याशुभ्र रेषा, आणि आम्ही दोघी एकमेकींचा खेळ तळहातासारखा जाणणाऱ्या. मी काय मारणार हे तिला आधी कळायचं, ती कुठे पळणार हे मला. शेजारच्या कोर्टवरची माणसं आमच्या कुंपणाशी येऊन उभी राहिली. तिसरा सेट टायब्रेकमध्ये गेला. आणि तिथे तिचा मॅच पॉइंट आला, म्हणजे हा एक घेतला की सामना तिचा.

तिनं फोरहॅण्ड हाकलला — सरळ, रेषेला धरून. मी पोहोचले नाही. पोहोचणं शक्यच नव्हतं. पण मी जवळ होते. हातभर अंतरावर. फक्की उडाली. पांढरा धूर असतो ना तसा एवढासा उडाला आणि बसला. रेषेवर चेंडू पडल्याशिवाय फक्की उडत नाही, हे खळ्यावर वाढलेल्या मला कोणी सांगायला हवं का?

माझं बोट वर गेलं. आउट.

मला वाटलं बोट वर गेल्यावर मी काही तरी ठरवेन. पण ठरून गेलं होतं.

ऋतुजा जागीच थांबली. रेफरी तिकडे मंडपात बसले होते. हाक मारली की ते येऊन मातीतला चेंडूचा ठसा बघत. तिनं रॅकेट वर केलीसुद्धा, ते खुर्चीतून उठलेसुद्धा. आणि मग तिनं त्यांना हातानंच थांबवलं आणि जाळीपाशी आली. मीही गेले. ती हळूच म्हणाली, ‘‘गळ्याशप्पथ?’’

तिच्या चेहऱ्यावर संशय असता तर कदाचित — पण नाही, हे ‘कदाचित’ खोटं आहे. संशय नव्हता एवढंच खरं. ती फक्त विचारत होती, रविवारी विचारायची तसं. मी गळ्याची कातडी चिमटीत धरली आणि म्हणाले, ‘‘गळ्याशप्पथ.’’

‘‘बरं,’’ म्हणाली ती, आणि वळून आपल्या जागेवर गेली. मी माझ्या जागेवर जाताना ठशावरून पाय घासत गेले.

पुढचे पॉइंट मी जिंकले. खोटं बोलून हात कापतात, असं म्हणतात ना? माझे नाही कापले. मी त्या दिवशीइतकी बेफाम आधी कधी खेळले नव्हते.

काका माझ्याच बाजूच्या कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभे होते, हे मला नंतर कळलं.

परतताना पुन्हा तसेच तिघं पुढे. कारंज्याला चहासाठी थांबलो, काकांनी माझ्यासाठी समोसाही घेतला, आणि गाडी सुरू झाल्यावर म्हणाले, ‘‘बॉल आत होता. म्या डोयानं पाह्यला.’’

‘‘बाबा, तिनं गळ्याशप्पथ घेतली,’’ ऋतुजा म्हणाली.

‘‘रेफरी उठला होता. तू त्याले काहून थांबोलं?’’

‘‘शपथ घेतल्यावर कायले बलावू त्याले?’’

काकांनी मान वळवली. माझ्याकडे नाही, काचेतून रस्त्याकडेच बघत विचारलं, ‘‘पोरी, तूच सांग. बाहेर होता?’’

ऋतुजाचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला होता. तिथे म्हणता आलं असतं. सर अजून अमरावतीतच होते, फोन करता आला असता, सगळं उलटं फिरवता आलं असतं. मी म्हणाले, ‘‘हो काका.’’

मग ते ऋतुजाला म्हणाले, चिडून नाही, थकून म्हणाले, ‘‘जिले आपला जितलेला बॉल मांगता येत नाई, तिनं या खेळात कायले राहावं?’’ ती त्यांच्याशी भांडली. माझ्यासाठी भांडली, बघा. माझी मैत्रीण खोटी शपथ घेणार नाही, तुमची नजर चुकली, असं ती आमच्याकडच्या मालेगावपर्यंत त्यांना सांगत होती, रडत रडत. मी मूग गिळून मध्ये बसले होते. त्या वर्षीच्या पुढच्या स्पर्धांना काकांनी तिला पाठवलं नाही. नंतर तिनंही विचारणं सोडलं.

आणि माझा खेळ गेला का? कुठला! मला पुणं मिळालं. पहाटेचं पळणं, खराखुरा फिटनेसचा मास्तर, तार तुटली तर तासाभरात नवी रॅकेट हातात. मी वाढत गेले. ज्युनियरमध्ये देशात पहिल्या काहींत आले, परदेशी पोरींना हरवलं, पासपोर्टची पानं भरली, क्रमवारीतला पहिला प्रोफेशनल पॉइंट मिळाला त्या रात्री मला झोप आली नाही. आणि प्रत्येक विजयानंतर ऋतुजाचा आवाज फोनवर — ‘‘अव माय, काय मारला व तो बॅकहॅण्ड!’’ ती आता वाशीमच्या एका शाळेत खेळ शिकवते. मैदानावर फक्कीनं कोर्ट आखून पोरींना टेनिस शिकवते. आता मोठ्या कोर्टांवर रेषा मशीन सांगतं, माणसाला खोटं बोलायला जागाच नाही. किती निवांत वाटतं म्हणून सांगू.

एवढंच असतं तर मी आजही गप्प राहिले असते. पंधराची पोर होती, म्हणून स्वतःला चालवून घेतलं असतं. पण गेल्या महिन्यात मी पहिली प्रोफेशनल स्पर्धा जिंकले आणि गावानं सत्कार ठेवला. ढोलताशे, फेटा, हार, जीपमधून मिरवणूक. मी हरखून गेले होते, खोटं कशाला सांगू? ऋतुजा तिच्या शाळेच्या पोरी घेऊन आली होती. तिला बोलायला सांगितलं. तिनं माईक घेतला आणि अमरावतीची गोष्ट सांगितली.

‘‘माहा मॅच पॉइंट होता,’’ ती पोरींना म्हणाली. ‘‘मी इले इचारलं, इनं गळ्याशप्पथ घेतली, अन् मी रेफरीले वापस पाठोलं. मले आजबी पस्तावा नाई. जितायचं तर इच्यासारखं जिता, खोटा कॉल देऊन नोका जितू.’’

टाळ्या पडल्या. मी हात जोडून हसले.

मग काका मंचावर आले. खूप वाळलेत आता. त्यांना पायऱ्या चढायला कोणी तरी हात दिला. त्यांनी माझ्यासमोर येऊन टोपी काढली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, ‘‘पोरी, मी तुह्यावर आळ घेतला होता. अन् त्या रागात माह्या लेकीचा खेळ बंद केला. पाप झालं माह्या हातून. माफ कर मले.’’

सगळे माझ्याकडे बघत होते. ऋतुजाचे डोळे भरले होते. आता मी पंधराची नव्हते. पुणं माझ्याकडून कोणी काढून घेणार नव्हतं. काहीच जाणार नव्हतं हो माझं, फार तर तो फेटा.

मी वाकून काकांच्या पाया पडले आणि म्हणाले, ‘‘जाऊ द्या काका. माणसाची नजर चुकते कधी कधी.’’

त्यांची नजर चुकली नव्हती. बॉल आत होता.