खाट नंबर दोन

कुसाबाईंनी सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं आया म्हणून काढली. एवढ्या वर्षांत इंग्रजीचं एक अक्षर त्यांच्या डोक्यात शिरलं नाही, पण आकडे मात्र सगळे शिरले. खाटांवर आकडेच असायचे ना. दोन नंबरला गरम पाणी, सात नंबरला भांडं, अकरा नंबर घरी गेला, त्याची गादी उन्हात टाका. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत. तिसरीत गुरुजी बदलून गेले आणि त्याच महिन्यात घरी म्हैस आली, तेव्हा शिक्षण थांबलं. म्हशीला त्यांनी कधी दोष दिला नाही.

दवाखान्यात त्यांची दोन कामं. कागदावरचं काम लादी पुसायचं. दुसरं कागदावर नव्हतं. बाळंतिणींच्या वॉर्डात एखादं लेकरू रडून रडून निळं व्हायला लागलं की सिस्टर म्हणायच्या, "कुसाबाईला बोलवा." कुसाबाई हात पुसून यायच्या, पाळणा गायच्या आणि पुन्हा फडकं उचलायच्या. जेल रोडच्या त्यांच्या कॉलनीतही कोणाचं बारसं असलं की विहारातल्या महिला मंडळाच्या पुढे त्याच. नाव कानावर पडलं की तिथल्या तिथे ते गाण्यात गुंफून मोकळ्या. कॉलनीतली निम्मी पोरं त्यांच्या गाण्यात नाव घालून मोठी झालेली. त्यातली काही पुढे काय निघाली, त्याला गाण्याचा इलाज नव्हता.

आणि एवढं सगळं करून त्यांच्या स्वतःच्या नातीच्या बारशाला त्या नाशकात आणि पाळणा मस्कतला, असं दोन हजार आठ साली झालं.

मुलगी मोहिनी तिकडे नर्स होती. बाळंतपणाला आईने जायचं ठरलेलं. पासपोर्ट आला नाही. शाळेच्या दाखल्यावर कुसाबाईंचा जन्म एका साली आणि नोकरीच्या कागदावर त्यानंतर चार वर्षांनी. साहेबाने विचारलं, "यातल्या तुम्ही कोणत्या?" कुसाबाई म्हणाल्या, "दोन्ही मीच, पण दुसऱ्यांदा त्रास कमी झाला." साहेब हसला आणि फाइल बाजूला ठेवली. ती बाजूलाच राहिली.

मुलगी झाली. बारसं दुसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी, तिकडे सुट्टी असते म्हणून. मोहिनीने फोनवर एकच धरून ठेवलं, "आई, पाळणा तूच म्हणायचा." पण फोनवर धड ऐकू यायचं नाही, आणि कॉम्प्युटरवरून बोलायला त्या देशात बंदी. आधी गाणं भरून पाठवावं, तर नाव आत्याने बाळाच्या कानात सांगेपर्यंत कोणाला कळता कामा नये. आणि नावाशिवाय पाळणा म्हणणं कुसाबाईंना जमत नव्हतं.

मार्ग काढला भागीबाईंच्या जावयाने. भागीबाई वरच्या मजल्यावरच्या, माहेर नामपूरचं, बोलणं तिथलंच, अहिराणी वळणाचं. त्यांचे जावई ललितराव मनमाडला रेल्वेत सिग्नलच्या खात्यात. त्यांनी सांगितलं, बोलायला बंदी आहे, रेडिओ ऐकायला नाही. आपण घरातून रेडिओ लावू. तुम्ही इथे माइकपुढे गायचं, मोहिनीताई तिकडे लावून ऐकतील.

रविवारी ते आले. टेबलावर इंटरनेटची पेटी होती, राउटर म्हणतात ती. ललितराव समजावू लागले, "मावशी, बाहेरून आलेल्याला ही पेटी दारातच अडवते. तिला सांगून ठेवायचं, या दारावर कोणी टकटक केली तर अमुक नंबरच्या कॉम्प्युटरकडे सोड. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. दारं पासष्ट हजार आहेत. आपलं आठ हजारावं."

"एवढ्या दारांचं घर झाडतं कोण?" कुसाबाईंनी विचारलं.

ललितरावांनी ते ऐकलं नाही. त्यांनी काय काय टाइप केलं आणि कुसाबाईंच्या कॉम्प्युटरचा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला. मोहिनीशी ठरलं होतं: ऐकू आलं तर एक मिस्ड कॉल, नाही आलं तर दोन. मंडळातल्या लताबाईंनी माइकपुढे एक कडवं म्हटलं. फोन एकदा वाजून थांबला. भागीबाई म्हणाल्या, "बघा, आमचा जावई!" जावईबापूंना मटण झालं, टॉवेल-टोपी झाली.

मंगळवारी तालीम केली, तर दोन मिस्ड कॉल.

ललितराव बुधवारी ड्युटी बदलून मनमाडहून आले. म्हणाले, अँटिव्हायरस. सगळं पुसून पुन्हा केलं, कॅलेंडरवर पुन्हा नंबर लिहिला. फोन एकदा वाजला. परत मटण. शनिवारी पुन्हा दोन मिस्ड कॉल. रविवारी ते म्हणाले, दोष मस्कतच्या लाइनीचा आहे. पुन्हा पुसलं, पुन्हा केलं, पुन्हा एकदा वाजला. कुसाबाईंचे यजमान सावळीराम प्रेसमधून रिटायर झालेले, चोख माणूस. त्यांनी तोंड उघडलं, "पण बापू, दर वेळी आपण तेच..." कुसाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पाणी प्यायला उठले. जावई माणूस. त्यातून दुसऱ्याचा जावई. त्याला चुकलं म्हणायची सोय नाही. मटण वाढायचं एवढंच आपल्या हातात.

मंगळवारी परत दोन. शुक्रवार तीन दिवसांवर आला. त्या संध्याकाळी मोहिनी रडली. "राहू दे आई," म्हणाली, "इथल्या बायका कॅसेट लावतील कुठलीतरी." कुसाबाई फोन ठेवून भाकरी थापायला बसल्या. पहिल्या दोन भाकरी करपल्या.

तेवढ्यात भागीबाई तणतणत खाली आल्या. एक समजून घ्यायला हवं: भागीबाईंकडेही कॉम्प्युटर होता, नातीचा, पायलचा, आणि त्याची वायर खिडकीतून खाली येऊन याच पेटीत घातलेली होती. शेजारधर्म.

"काय शे हे, कुसाबाई! तुमच्या पेटीतून आमच्या कॉम्प्युटरला काहीतरी लागलं. बाहेरून कोणी येतंय, आत घेऊ का, असं विचारतो. पायल नाही दाबते. तो परत विचारतो."

"कधीपासून?"

"साडेचारपासून. सात वेळा दाबलं तिने नाही."

कुसाबाईंनी तवा खाली उतरवला. मोहिनीने दुपारी साडेचारपासून सात वेळा लावून बघितलं होतं. तिनेच फोनवर मोजून सांगितलं होतं.

त्या कॅलेंडरपुढे जाऊन उभ्या राहिल्या. आकडे वाचता येत होतेच. पहिल्या रविवारच्या लांबलचक नंबराच्या शेवटी दोन. बुधवारी सगळं तेच, शेवटी तीन. मागच्या रविवारी पुन्हा दोन.

"अहो," त्यांनी सावळीरामांना हाक मारली, "पहिल्या तालमीच्या आधी लाइट गेली होती का?"

"सोमवारी. मग शुक्रवारी. मग काल," सावळीराम म्हणाले. लोडशेडिंगचं वेळापत्रक त्यांना पाठ. त्यांचा नियमच होता, लाइट गेली की घरातले सगळे प्लग काढायचे आणि आल्यावर अर्ध्या तासाने घालायचे, पण पेटीचा आधी, भागीबाईंची ओरड नको म्हणून. वरच्या घरी असलं काही नव्हतं. त्यांचा कॉम्प्युटर लाइट आल्याबरोबर आपोआप उठायचा; शुक्रवारी तेवढा तो बंद होता, म्हणून खालचा आधी उठला होता.

कुसाबाईंना पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली आणि त्या सावळीरामांना म्हणाल्या, "बापूंना गुरुवारी जेवायला बोलवा."

गुरुवारी ललितराव आले. पाट मांडला, ताट वाढलं. भागीबाई पंखा घालायला बसल्या. कुसाबाईंनी रस्सा वाढता वाढता सहज म्हणावं तसं सुरू केलं.

"बापू, आमच्या वॉर्डात एकदा गंमत झाली. दोन नंबरच्या खाटेवरच्या पेशंटला रोज घरून डबा यायचा. गेटवरचा शिपाई घ्यायचा, मला द्यायचा, मी दोन नंबरला नेऊन ठेवायची. एक दिवस रंगारी आले. खाटा इकडच्या तिकडे केल्या, पेशंट उठवले. काम झाल्यावर जो आधी आला तो जवळच्या खाटेवर आडवा झाला. मी आपली डबा घेऊन दोन नंबरला. तिथे दुसराच. त्याचं सकाळी ऑपरेशन, तोंडाने काही द्यायचं नाही असं लिहिलेलं."

"मग?"

"मासे होते. खाल्ले त्याने. ऑपरेशन आठ दिवस पुढे गेलं. मोठ्या सिस्टरने मला उभी धुतली. पेशंट मात्र अजून रस्त्यात भेटला की नमस्कार करतो."

भागीबाई हसल्या. ललितरावही हसले. कुसाबाईंनी आणखी एक भाकरी वाढली.

"बाळंतिणींच्या वॉर्डात मात्र असं होत नाही. बाळाच्या मनगटाला पट्टी बांधलेली. खाट कुठलीही असू दे, पट्टी बघायची. बापू, मी अडाणी बाई विचारते हं. या कॉम्प्युटरला अशी जन्माची पट्टी असते का हो?"

ललितरावांचा घास हातातच राहिला. त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं. मग खिडकीतून वर गेलेल्या वायरीकडे पाहिलं. मग पुन्हा कॅलेंडरकडे.

"असते," ते म्हणाले. "मॅक ॲड्रेस. कारखान्यातूनच येते. खाटेचा नंबर मात्र पेटी देते, जो आधी येईल त्याला आधीचा."

"मग त्या पेटीला सांगता येतं का, या पट्टीवाल्याला कायम दोन नंबर खाट, तो उशिरा आला तरी, आणि वरून कोणी आधी आलं तरी तिथे निजवायचं नाही?"

"येतं."

सावळीराम छताकडे बघत होते. छतावर काही नव्हतं.

"मी आज तेच करणार होतो," ललितराव म्हणाले.

"ते आम्हाला ठाऊक होतंच," कुसाबाई म्हणाल्या आणि रस्सा वाढला.

हात धुऊन त्यांनी दहा मिनिटांत काम उरकलं. काहीही पुसलं नाही. भागीबाई जिन्यातूनच ओरडत वर गेल्या, "पायल, सापडलं गं! जावईबापूंनी शोधलं शेवटी!"

शुक्रवारी अकराला लाइट गेली ती अडीचला आली. सावळीरामांनी नियमाप्रमाणे अर्धा तास थांबून पेटी लावली, आणि मग मुद्दाम आणखी दहा मिनिटं थांबले. "वरच्यांना आधी येऊ दे," म्हणाले. "परीक्षा तर होऊ दे पट्टीची." मग आपला कॉम्प्युटर सुरू केला. ललितरावांनी नंबर उघडून दाखवला. शेवटी दोन. दर वेळी लाइट गेल्यावर घराचा बाहेरचा नंबरही बदलायचा, तो सावळीरामांनी मोहिनीला मेसेज केला, दोनदा तपासून.

चारला मंडळाच्या सात बायका माइकभोवती बसल्या. कुसाबाईंनी नोकरीतली पांढरी साडी नेसली होती. का, ते कोणी विचारलं नाही. सगळे सावळीरामांच्या हातातल्या मोबाइलकडे बघत होते. चार वाजून सहा मिनिटांनी मेसेज आला. सावळीरामांनी चष्मा चढवून वाचलं, "संघमित्रा."

बायकांनी कुसाबाईंकडे पाहिलं. कुसाबाईंच्या चालीत तीन अक्षरांची जागा होती.

"काय शे!" भागीबाई कुजबुजल्या. "छोटं नाव मिळालं नाही का त्यांना?"

कुसाबाईंनी डोळे मिटले, बोटांवर काहीतरी मोजलं आणि सुरुवात केली.

*संघमित्रा बाळ माझं, निजतं गं दर्यापार,*
*दोरी ओढिते मी इथून, पाळण्याची हळुवार.*

नाव बसलं. बायकांनी उचललं. लताबाईंचा सूर नेहमीप्रमाणे खाली गेला, पण थांबवायची सोय नव्हती. पाच कडवी झाली. शेवटचं कडवं संपलं आणि खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

फोन वाजला नाही.

कोणी कोणाकडे पाहिलं नाही. ललितराव स्क्रीनला तोंड लावून बसले. कुसाबाईंनी पदराने माइकवरची धूळ पुसली. माइकवर धूळ नव्हती. सावळीराम घड्याळात बघत होते, वीस सेकंद झाले असतील.

मग फोन वाजला. एकदा वाजला. दुसऱ्यांदा वाजला. भागीबाईंनी कपाळाला हात लावला, "दोन!" पण तो तिसऱ्यांदाही वाजला, आणि चौथ्यांदाही. सावळीरामांना काय करावं कळेना. तीनचं काही ठरलेलंच नव्हतं. कुसाबाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि कानाला लावला.

मोहिनी बोलत नव्हती. तिकडे भरलेली खोली होती, भांड्यांचा आवाज होता, कोणीतरी कोणाला गप्प बसवत होतं. आणि त्या सगळ्याच्या मागे सात बायका गात होत्या. इथे संपलेलं शेवटचं कडवं तिकडे अजून चाललं होतं. ललितराव म्हणाले, "पोचायला उशीर लागतो, मावशी. मिनिटभर."

कुसाबाईंनी हाताने सगळ्यांना गप्प केलं आणि स्वतःचं गाणं संपेपर्यंत ऐकलं.

"काय झालं? बाळ रडतंय का?" भागीबाईंनी विचारलं.

"नाही," कुसाबाई म्हणाल्या. "निजलंय." मग म्हणाल्या, "लताबाई, तुमचा सूर तिकडेही खालीच आहे."