त्याची मम्मी, माझी काकू

म्हातारीनं पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि माझा दंड घासला. चांगला जोर लावून घासला. मग टोक उलटं करून उजेडात बघितलं.

"मळ न्हाई. रंगच हाय," ती सुनेला म्हणाली.

मी नऊ वर्षांची होते. नगरच्या एका संस्थेच्या ऑफिसात उभी होते. केसांना तेल, अंगात संस्थेतला सगळ्यात बरा फ्रॉक. शेजारी माझा भाऊ, सोम्या. साडेतीन वर्षांचा. त्याचा दंड कुणी घासला नाही. त्याला म्हातारीनं सरळ मांडीवर घेतलं. सोम्या बापावर गेलेला, उजळ. मी आईवर गेले.

आम्ही राजूरच्या वरच्या अंगाचे, डोंगरातल्या वाडीतले ठाकर. बाप आधी गेला, मग आई काविळीनं गेली. चुलत्यानं थोडे दिवस सांभाळलं. त्याचीच पोरं अर्धपोटी होती. तो आम्हाला बाल कल्याण समितीपुढं घेऊन आला, कागदावर अंगठा दिला, आणि माझ्याकडं न बघता एसटीत बसला. आम्ही संस्थेत राहिलो आणि दत्तक द्यायच्या पोरांत गेलो.

दत्तक द्यायच्या पोरांची तपासणी होते. डॉक्टर आमचे दात, डोळे, छाती बघून गेले. एका बाईंनी रंगीत ठोकळे मांडून माझी बुद्धी बघितली. घेणाऱ्यांचीही तपासणी होते. म्हातारीच्या ह्या मुला-सुनेचं घर संस्थेच्या मॅडम जाऊन बघून आल्या होत्या. बेलापूरकडं ऊस, बंगला, बाजारात कृषी सेवा केंद्र. दोघांच्या तब्येती चांगल्या, माणसं शिकलेली. सगळं बघून झालं होतं. त्यांच्या मनात पोर एकच आहे, हे कुणाला दिसलं नव्हतं.

सख्खी भावंडं शक्यतो तोडायची नाहीत, असा नियम. एकट्या लहान पोरासाठी लोक वर्षानुवर्षं थांबतात. जोडी फारशी कुणाला नको असते, म्हणून जोडी लवकर मिळते. हे मला पुष्कळ उशिरा कळलं. त्यांना आधीपासून माहीत होतं.

समितीपुढं त्या सूनबाई गोड बोलल्या. दोघंही आमचीच, म्हणाल्या. मला विचारलं, जायचं का? मी एवढ्या जोरात मान हलवली की सगळे हसले. मला आई पाहिजे होती. दुसरं काही नको होतं.

कायमचा हुकूम व्हायच्या आधी पोरं सांभाळायला त्यांच्या घरी देतात. आम्ही त्यांच्या गाडीतून बंगल्यावर गेलो. दारात ताट घेऊन त्या उभ्या राहिल्या. सोम्याला ओवाळलं. तुकडा उतरवून टाकला. माझ्याकडं वळल्या तेवढ्यात वाऱ्यानं निरांजन विझलं. त्या काडेपेटी मागत होत्या, तर म्हातारी म्हणाली, राहू दे आता, चला आत.

मी तशीच आत गेले.

सोम्याला नवं नाव मिळालं. शौर्य. बारशाला वीस-पंचवीस माणसं जेवली. मला नवं नाव नाही मिळालं. मी वाट बघत होते. मनात दोन-तीन नावं ठरवूनही ठेवली होती. कुणी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना मम्मी म्हणाले. त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं.

"तू मोठी आहेस. तुला ते जमायचं न्हाई एकदम. तू काकू म्हण मला."

शेजारीच सोम्या मम्मी, मम्मी करत त्यांचा पदर ओढत होता. त्याला जमत होतं.

म्हणजे एकाच बाईची त्याची मम्मी झाली आणि माझी काकू. एका आईच्या पोटची आम्ही दोघं.

सोम्याची शाळा सुरू झाली. इंग्रजी शाळा. दारात पिवळी व्हॅन यायची. माझी शाळा जूनमध्ये बघू, असं ठरलं. तोवर घरात बसून काय करणार, म्हणून कपबशा विसळ. मग भांडी. मग अंगण. मग म्हातारीचे पाय. कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. हे सांगितलं पाहिजे, कारण लोक पहिल्यांदा हेच विचारतात. मला मारत नव्हते. मला मोजत नव्हते.

तो गेल्यावर मी त्याच्या खोलीत जायची. भिंतीवर ढग काढलेले होते. त्याचे बूट मी हातात घालून बघायची, कारण पायात मावायचे नाहीत. त्याच्या उशीचा वास घ्यायची. झोपायला मला स्वयंपाकघराच्या बाजूची खोली होती, तेलाच्या डब्यांची. आई गेल्यावर सोम्या माझ्या कुशीत झोपायचा, माझ्या कानाची पाळी धरून. आता तो त्या दोघांच्या मध्ये झोपायचा आणि काकूंच्या कानाची पाळी धरायचा.

माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्याला आई मिळाली म्हणून त्याचा हेवा वाटायचा. तिला सोम्या मिळाला म्हणून तिचा हेवा वाटायचा. दोन्हीकडून मी जळत होते आणि मधे मीच नव्हते.

एकदा श्रीरामपूरहून काकूंच्या मैत्रिणी आल्या. मी चहाचा ट्रे घेऊन गेले. सोम्या काकूंच्या मांडीवर. एकीनं माझ्याकडं बघून विचारलं, ही कोण?

काकू म्हणाल्या, "शौर्यला सांभाळायला आहे."

ट्रे माझ्या हातातून पडला नाही. मी सगळ्यांना चहा दिला. साखर कुणाला कमी पाहिजे तेही विचारलं. मागं मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. डोळ्यांना नव्हतंच पाणी. आतून काहीतरी घट्ट झालं होतं, दह्यासारखं.

मग संस्थेच्या मॅडम यायचा दिवस आला. पोरं कशी आहेत, हे बघायला त्या येतात. त्या सकाळी माझ्यासाठी नवा फ्रॉक निघाला. माझी सतरंजी उचलली गेली. सोम्याच्या खोलीत दुसरा पलंग टाकला, त्यावर बाहुली ठेवली. काकूंनी स्वतः माझी वेणी घातली. त्यांचे हात पहिल्यांदा माझ्या केसांत होते. हलके होते. मला वाटलं ही वेणी संपूच नये.

वेणी घालता घालता त्या म्हणाल्या, "मॅडम आल्या की मला मम्मी म्हणायचं हं."

जो शब्द मी रोज डब्यांच्या खोलीत तोंडातल्या तोंडात म्हणत होते, तो मला मिळाला. एका दुपारपुरता. मॅडम गेल्या की परत द्यायचा.

मॅडम आल्या. तरुण होत्या, खांद्याला झोळी. मला सोफ्यावर बसवलं होतं. त्या सोफ्यावर मी आधी कधी बसले नव्हते, फक्त पुसला होता. मॅडमनी पलंग बघितला, बाहुली बघितली. सोम्याला गाणं म्हणायला लावलं. मग माझ्याकडं वळून सहज विचारलं, मम्मी लाड करते ना तुझे?

काकू हसून माझ्याकडं बघत होत्या. हो म्हणाले असते तर झालं असतं. कायमचा हुकूम झाला असता. बंगला, पोटभर जेवण, कदाचित शाळाही. मला हे सगळं नऊ वर्षांच्या डोक्यानं कळत होतं.

"मम्मी सोम्याची," मी म्हणाले. "माझ्या ह्या काकू हायत. मी हितं कामाला हाय."

मग काकू अगदी शांत आवाजात मॅडमना म्हणाल्या, बघा, भावावर जळते हो ती. पहिल्या दिवसापासून.

मी सोफ्यावरून उठले.

"व्हय, जळते. मलाबी आई पायजे हुती. न्हाई द्यायची तर आमाला परत न्या. दोघांनाबी."

मॅडमनी मला विचारलं, तू रोज झोपतेस कुठं? मी डब्यांची खोली दाखवली.

आम्ही परत आलो. सोम्या सगळा रस्ता रडत होता. मम्मी पाहिजे म्हणत मला लाथा मारत होता. संस्थेच्या अधीक्षक बाई माझ्याशी बरेच दिवस नीट बोलल्या नाहीत. एवढं चांगलं घर हातचं घालवलंस, म्हणाल्या. त्यांना सोम्याला जेवू घालताना जड जात होतं. तो जेवतच नव्हता.

काही महिन्यांनी मला पुन्हा बोलावलं. त्या लोकांनी अर्ज केला होता, फक्त मुलगा द्या. समितीतले एक साहेब फार मायेनं बोलले. तू समजूतदार आहेस, म्हणाले. भावाचं भलं होतंय. तू हो म्हणालीस तर आम्ही विचार करू.

समजूतदार म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. ज्याला नको म्हटलंय, त्यानंच हो म्हणायचं.

मी म्हणाले, "मी न्हाई म्हणते."

त्यांनी परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. सोम्या गेला नाही. पुढं आम्हाला बघायला कुणी आलंही नाही. मी मोठी होत गेले आणि तोही.

आता मी पारनेरला एका दवाखान्यात नर्स आहे. सोम्या सतरा वर्षांचा आहे, संस्थेतच राहतो, आयटीआयला जातो. गेल्या दिवाळीत तो माझ्याकडं आला. संस्थेतल्या जुन्या मावशींनी त्याला सगळं सांगितलं होतं. त्याला त्यातलं एवढंसंच आठवतं. ढगांची भिंत, आणि कानाची पाळी.

जेवताना तो म्हणाला, "मला बंगला नको हुता ताई. मम्मी पायजे हुती. ती मला मिळाली हुती. तुला न्हाई मिळाली म्हणून तू माझी घालवली."

मी भाकरी मोडत होते. तो खोटं बोलत नव्हता.

मी त्याला सगळं सांगितलं. ओला पदर, काकू, तेलाचे डबे, ते "सांभाळायला आहे". त्यानं ऐकलं. मग म्हणाला, तू जळत होतीस माझ्यावर.

"व्हय," मी म्हणाले. "लई जळत हुते."

तो ताटावरून उठला. संध्याकाळच्या गाडीनं नगरला गेला. तेव्हापासून फोन उचलत नाही.

जळणं वाईट, असं मला सगळ्यांनी शिकवलं. काकूंनी, अधीक्षक बाईंनी, त्या मायाळू साहेबांनी. त्यांच्या ताटात वाढलेलं होतं. मी जळले नसते तर मला वाटलं असतं, माझी जागा डब्यांच्या खोलीतच आहे. मी तिथंच मोठी झाले असते. माझ्याच भावाला शौर्य दादा म्हणत त्याच्या पोरांचे कपडे धुतले असते. आणि त्यालाही ते चुकीचं वाटलं नसतं. मला सगळ्यात जास्त भीती ह्याच गोष्टीची होती. हे नऊ वर्षांच्या मला शब्दांत सांगता आलं नसतं, पण माहीत होतं.

त्याची आई माझ्यामुळं गेली. ते ओझं मी नाकारत नाही. पण ती बाई ज्या किमतीत त्याची आई होत होती, ती किंमत मी होते. मी स्वतःला देणार नव्हते. आजही देणार नाही. भावासाठीसुद्धा नाही.

जूनमध्ये तो अठरा पूर्ण करतो. संस्था सोडावी लागेल. मी इथं दोन खोल्या भाड्यानं घेतल्यात, एक त्याची. काल त्याला निरोप पाठवला. तो वाचला एवढं मला फोनवर दिसलं.

मी लिहिलं होतं, "खोली तयार हाय. यायचं तर ये. माफी मागणार न्हाई."